एक रुपयाचं बोंड

परातीत कोमट पाणी, त्यात पाकिटांचे कोपरे.
डिंक सुटला की तिकीट आपणहून वेगळं होतं.
ओढायचं नाही. ओढलं की पाठ सोलते.
हे मला नागपूरच्या डॉक्टर पिंपळापुरेंनी शिकवलं.
माणसांचे दात काढतात, तिकिटांचे मोजतात,
एक दात पडका असला तरी मान हलवतात.

तीस वर्षं मी सावळी खुर्दचा पोस्टमास्तर.
तिकिटाचं तोंड कधी पाहिलं नव्हतं.
चिकटवलेलं दिसलं की हाणायचा शिक्का,
राजा असो की राघू,
थेट नाकावर.
आता भिंग डोळ्याला लावून पडवीत बसतो
आणि आधी पांढऱ्या पट्ट्या बघतो,
वरची, खालची, डावी, उजवी.
चारही सारख्या, चित्र मधोमध, तर नंबर पहिला.
एक जाड, समोरची बारीक, तर दुसरा.
दात चित्रात घुसले तर डॉक्टर म्हणतात,
"मास्तर, हे पोरांना द्या खेळायला."

शिक्का हलका हवा, एका कोपऱ्यात.
तारीख वाचता यावी आणि चेहरा दिसावा.
म्हणजे मी कधी केलं नाही ते सगळं.
माझे काळे ढब्बे अजून सापडतात,
इमानानं चौथ्या डब्यात टाकतो.
डबे बिस्किटांचे आहेत. चौथा लवकर भरतो.

परवा हिंगणघाटच्या मिलची रद्दी आली.
कामगारांना मिलच्या पत्त्यावर आलेली पाकिटं,
आतली पत्रं ज्याची त्यानं नेली असतील.
त्यात हे निघालं.
एक रुपयाचं, तपकिरी, कापसाचं बोंड.
छापताना कागद सरकला असणार,
डावीकडे पट्टीच नाही, दात सरळ बोंडात,
जसं वेचणीआधी गाईनं तोंड घातलं.
उजवीकडे एवढी जागा की संत्र्याचं झाड लावावं.

भिंग खाली ठेवलं.
हे बोंड मी ओळखतो.

बेबी नगराळे पत्र न्यायला स्वतःच यायची.
नवऱ्याचं पाकीट जाळीतून सरकवताना
दिसलं होतं मला हे वाकडं तिकीट,
त्यावर हिंगणघाटचा गोल.
आठव्या दिवशी तिनं उत्तर आणलं.
कोपऱ्यात तेच बोंड, डावीकडून कुरतडलेलं,
धुतलेलं, ज्वारीच्या खळीनं चिकटवलेलं.
गोल पुसट झाला होता. गेला नव्हता.
ती माझ्याकडे नाही,
भिंतीवरच्या अल्पबचतीच्या पोस्टरकडे बघत होती.
"लवकर जाईन न हे, मास्तर?"

नियम होता. पाकीट अडवायचं, वर कळवायचं.
मी शिक्का गादीवर दोनदा दाबला,
श्वास धरला,
आणि उभ्या नोकरीत पहिल्यांदा नेम धरून मारला,
गोलावर गोल,
काठाला काठ.
आर्वीच्या छाटणीवाल्याला काय दिसलं असेल?
एक जाड शिक्का.
सावळीचा मास्तर जोरात हाणतो, हे त्याला ठाऊकच होतं.

आता भिंगाखाली दिसतं,
'सावळी'च्या पोटात 'घाट' शिल्लक आहे.
परातीत सोडलं नाही मी हे.

रविवारी डॉक्टर आले. चहा नको म्हणाले.
पाकिटाचा कोपरा चिमट्यात धरून उजेडात फिरवला.
"मधोमध नाही. दात चित्रात. कडेला खळ. शिक्का डबल.
याला नंबरच नाही, मास्तर."
बरोबर आहे तुमचं, मी म्हटलं.
खरंच बरोबर होतं, मीही तेच लिहिलं असतं.
फक्त एक विचारलं,
तिकीट मधोमध आहे का हे बघतो आपण,
एका शिक्क्यावर दुसरा किती मधोमध बसला
हे कोणी मोजतं का हो?
ते हसले. चिमटा रुमालानं पुसला.
म्हणाले, तुमची दाढ दाखवून जा एकदा.

चौथ्या डब्यातच टाकलं.
झाकण नीट लागत नाही त्याचं.
वर अडकित्ता ठेवावा लागतो.